एसीतून गरम हवा येते? गॅस भरण्याआधी गळती शोधा

ऊन तापायला लागलं की या सदराकडे गाडीच्या एसीचे प्रश्न ओळीने येतात, आणि त्यातल्या बऱ्याच पत्रांत एक वाक्य असतंच : 'गॅस भरून घेतला, तरी पुन्हा तेच.' म्हणून या वेळी सगळी जागा एसीलाच दिली आहे.

प्रश्न (अकोला) : सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या मे महिन्यात गॅस भरला, दिवाळीपर्यंत कूलिंग उत्तम होतं. यंदा मार्चमध्ये एसी लावला तर नुसती कोमट हवा. मेकॅनिक म्हणतात, 'उन्हाळ्यात गॅस उडतो, दरवर्षी टॉप-अप करावाच लागतो.' हे खरं आहे का?

उत्तर : नाही. पेट्रोल जळून संपतं तसा एसीचा गॅस संपत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, रेडिएटरसमोर बसून उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, बारीक छिद्रातून गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल या बंद फेऱ्यात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी पाइपांतून अगदी थोडा झिरपतो, पण तेवढ्याने कूलिंग कमी व्हायला बरीच वर्षं जातात. तुमचं कूलिंग दहा महिन्यांत गेलं, म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती गेल्या मे महिन्यातही होती, ती कोणी शोधली नाही.

टॉप-अपवर दिवस काढण्यात पैशांपेक्षा मोठा धोका कॉम्प्रेसरला आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की तेल कॉइलमध्ये आणि पाइपांत अडकून राहतं, परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. असा कॉम्प्रेसर जाम झाला की धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये आणि एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये जाऊन बसतो. मग कंडेन्सरही बदलावा लागतो, कारण त्याच्या केसासारख्या बारीक नळ्या धुऊन साफ होत नाहीत.

गळती शोधायची सुरुवात तुम्ही घरीही करू शकता. गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन ॲल्युमिनियमचे पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहा. बाकी पाइपावर कोरडी, भुरकट धूळ असते. गळतीच्या जागी मात्र धूळ ओलसर आणि काळपट होऊन चिकटलेली दिसते, बोट फिरवलं तर तेलकट लागतं. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, ही त्याची खूण. खास करून पाहायच्या जागा म्हणजे पाइपांचे जोड, कंडेन्सरचा खालचा भाग (पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेले खडे तिथे बसतात), पाइप जिथे रबराला दाबून बसवलेला असतो ती कड, आणि कॉम्प्रेसरच्या क्लचची (पुलीची गती कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या भागाची) मागची बाजू. क्लचच्या समोर बॉनेटच्या आतल्या अंगाला तेलाच्या शिंतोड्यांची रेघ दिसली तर शाफ्टचं सील गेलं आहे. गॅस भरायच्या दोन नोझलवर टोपणं आहेत का, तेही पाहा. आतल्या व्हॉल्ववर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. फुगा आला तर गळती तिथेच आहे.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर काम गॅरेजचं. सिस्टिम रिकामी असेल तर त्यात कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआयपर्यंत भरतात, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावतात आणि गेजचा काटा तासभर पाहतात. हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा इथे चालत नाही, तिच्यात ओलावा असतो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. सिस्टिममध्ये गॅस शिल्लक असेल तर निळसर किरणांच्या टॉर्चखाली चमकणारा रंग टाकून आठवडाभर गाडी चालवतात. डॅशबोर्डमागच्या कॉइलची गळती दिसत नाही. त्यासाठी ब्लोअर बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरचं टोक व्हेंटमध्ये किंवा पाणी गळतं त्या नळीपाशी धरतात. डॅशबोर्ड उतरवायचं काम मोठं आहे, तेव्हा ही खात्री झाल्याशिवाय त्याला होकार देऊ नका.

गळती सापडली की पुढचा क्रम असा असावा. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. म्हणजे ४०० ग्रॅम सोडला तर जवळपास ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. खराब भाग बदलताना उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग (रबरी कडी) नवी टाकायची, तीही याच गॅसला चालणारी, आणि बसवण्याआधी तिला तेलाचं बोट फिरवायचं. कोरडी ओ-रिंग घट्ट करताना पिळवटते आणि महिन्याभरात गळते. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल किंवा कंडेन्सर बदलला असेल तर ओलावा शोषून घेणारा ड्रायरही नवा. कंडेन्सर बदलताना त्यात राहून गेलेल्या तेलाची भरपाई करायची. बहुतेक छोट्या गाड्यांत ती २० ते ४० मिलिलिटर असते. तेलाची जात आणि नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. इथे बहुतेक ठिकाणी घाई होते. पाच मिनिटं पंप फिरवून 'मारला व्हॅक्यूम' म्हणणं म्हणजे काम न करणं. गेजवर पाऱ्याचे २९ इंच दिसायला लागले की त्या दाबाला पाणी साधारण २५ अंशालाच उकळतं. पाइपांत राहिलेला ओलावा असा वाफ होऊनच बाहेर जातो, आणि त्याला वेळ लागतो : किमान अर्धा तास, सिस्टिम दिवसभर उघडी असेल तर तास. त्यानंतर व्हॉल्व बंद करून पंधरा मिनिटं काटा पाहायचा. तो जागचा हलला तर गळती अजून आहे किंवा आत ओलावा उरला आहे, आणि गॅस भरायची वेळ आलेली नाही.

गॅस वजन करून भरायचा. बॉनेटखाली किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. छोट्या हॅचबॅकला साधारण ३५० ते ४५० ग्रॅम लागतो, दोन कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांना बराच जास्त. बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहून मागा. तो आकडा पुढच्या वेळी गळतीचा वेग सांगतो.

एक सूचना. इंजिन बंद असताना गेज लावून 'प्रेशर बरोबर आहे, गॅस भरपूर आहे' असं कोणी म्हणालं तर मानू नका. बाहेर ३० अंश असतील तर आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय येतो. आत द्रव रूपातला गॅस शिल्लक असेल तोवर, १५० ग्रॅम असो की ४००, काटा तिथेच राहतो. आत गॅस आहे एवढंच काटा सांगतो, किती आहे ते सांगत नाही.

प्रश्न (पुणे) : गाडी पळत असली की गारेगार, सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत गरम हवा. गॅस नुकताच भरला आहे.

उत्तर : या लक्षणात संशयाची सुई आधी कंडेन्सरच्या पंख्याकडे जाते. गाडी पळताना समोरून वारा लागतो, थांबल्यावर ते काम पंख्याचं. इंजिन चालू करून एसी लावा आणि ग्रिलमधून पाहा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा मिनिटाभरात फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने जा. दोन वेगांचा पंखा असेल तर हळू वेगाचा रेझिस्टर जळलेला असू शकतो. मग पंखा थेट इंजिन तापल्यावरच मोठ्या वेगाने लागतो आणि तोवर एसीचं कूलिंग गेलेलं असतं. मोटर थकली असेल तर पंखा फिरतो पण ओढत नाही. ग्रिलवर वर्तमानपत्राचा कागद धरून पाहा, तो आत खेचला जाऊन चिकटला पाहिजे.

पंखा ठीक वाटला तर ही परीक्षा करा. गाडी सावलीत, इंजिन आयडलवर, एसी पूर्ण, मधल्या व्हेंटमध्ये किचनचा प्रोब थर्मामीटर. आता ग्रिलमधून कंडेन्सरवर दोन-तीन तांबे पाणी हळूहळू ओता. मिनिटभरात व्हेंटचं तापमान चार-पाच अंशांनी उतरलं, तर कॉम्प्रेसर आणि कॉइल आपलं काम करत आहेत, उष्णता बाहेर पडत नाही एवढंच. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत माती, किडे, सुकी पानं यांचा थर बसलेला असतो. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून हा थर नजरेतून सुटून जातो. साध्या नळाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पापुद्र्यासारख्या पट्ट्या दुमडतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे : 'नुकताच भरलेला' गॅस जास्त झाला असेल. छोट्या गाडीत १०० ग्रॅम जादा झाला तरी कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, वाफेला थंड व्हायला जागा उरत नाही, हाय साइडचा (कॉम्प्रेसरनंतरच्या, जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढतो, आणि हे सगळ्यात आधी सिग्नलवरच जाणवतं. बाहेर ३५ अंश आणि इंजिन १,५०० आरपीएमवर असताना लो साइडला (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या, कमी दाबाच्या बाजूला) साधारण ३० ते ४० आणि हाय साइडला २०० ते २५० पीएसआय अपेक्षित असतात. दोन्ही जास्त असतील तर जादा गॅस किंवा पंखा. दोन्ही कमी, तर गॅस कमी. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, तर कॉम्प्रेसर दमला. लो साइड जवळजवळ शून्यावर किंवा व्हॅक्यूममध्ये, तर एक्स्पान्शन व्हॉल्वपाशी अडथळा. दोन्ही गेज एकत्र वाचल्याशिवाय निदान होत नाही, एकाच नळीचं गेज पाहून केलेला अंदाज फसवतो.

प्रश्न (रत्नागिरी) : काल संध्याकाळपर्यंत एसी चालू होता, आज सकाळी एकदम गरम हवा. ब्लोअर जोरात आहे. काय तपासू?

उत्तर : रातोरात गेलेला एसी बहुतेक वेळा विजेच्या बाजूने गेलेला असतो. इंजिन चालू करून एसीचं बटण दाबा आणि बॉनेटपाशी कान द्या. क्लचवाल्या कॉम्प्रेसरमधून 'टक्' असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते. पुली नेहमीच फिरते, चकती पाहायची. दर चार-पाच सेकंदांनी टक्-टक् होत असेल तर गॅस कमी आहे, अकोल्याचं उत्तर वाचा.

आवाजच नसेल तर आधी एसीचा फ्यूज. मग रिले : फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, अनेक गाड्यांत हॉर्नचा, असतो. तो क्षणभर अदलाबदल करून पाहा. त्यानंतर क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर. १२ व्होल्ट येत असतील आणि क्लच ओढत नसेल तर क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रोध मोजा, सुमारे ३ ते ४ ओहम यायला हवेत. काहीच रीडिंग नसेल तर कॉइल जळली. कॉइल चांगली असूनही ओढत नसेल तर चकती आणि पुलीमधली फट फिलर गेजने पाहा. ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. क्लच झिजून फट वाढली की थंड गाडीत तो धरतो आणि तापल्यावर सोडतो, कारण तापलेल्या कॉइलचा रोध वाढून चुंबक कमजोर पडतं. अशा वेळी आतली एक पातळ वॉशर काढून फट कमी केली तरी काम होतं, नवा कॉम्प्रेसर लागत नाही.

क्लचपर्यंत १२ व्होल्टच येत नसतील तर प्रेशर स्विच आणि त्याची वायर. गॅसचा दाब सुमारे २ बारच्या खाली गेला की हा स्विच कॉम्प्रेसर लागूच देत नाही. तो जम्पर टाकून कधीही बायपास करू नका. गॅस नसल्यामुळे त्याने रोखलं असेल तर तुम्ही कोरडा कॉम्प्रेसर फिरवाल. आणि वायर हाताने तपासा : आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि पातळ वायरी कुरतडतात. समुद्राजवळच्या गाड्यांत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसतात. खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या पट्ट्याही बोट लावताच भुकटी होतात, म्हणून रत्नागिरी ते गोवा या पट्ट्यात पंधरा दिवसांतून एकदा ग्रिलमधून गोडं पाणी मारावं.

तुमच्या गाडीत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असेल तर 'टक्' ऐकू येणार नाही. मग हाताने ओळखा. इंजिनच्या मागच्या भिंतीत दोन पाइप शिरतात. एसी पाच मिनिटं चालल्यावर जाड पाइप गार आणि दवाने ओला लागायला हवा, बारीक पाइप कोमट ते गरम. दोघांचं तापमान सारखंच असेल तर गॅस फिरत नाही. मग स्कॅनर लावून प्रेशर सेन्सरचा आकडा आणि कॉम्प्रेसरच्या कंट्रोल व्हॉल्वला मिळणारा सिग्नल पाहावा लागेल.

प्रश्न (नाशिक) : जाड पाइप बर्फासारखा गार आहे, मेकॅनिक म्हणतात एसी परफेक्ट आहे, तरी आत गरम हवा.

उत्तर : मग हवा हीटरवरून येते आहे. डॅशबोर्डमध्ये गार-गरम मिसळणारी एक झडप असते. तिची केबल निसटली किंवा छोट्या मोटरचा प्लास्टिक गिअर तुटला की ती अर्धवट उघडी राहते. तापमानाचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि हवेत फरक पडतो का पाहा, डॅशबोर्डमधून 'कट्कट्' ऐकू येते का तेही. इंजिन थंड असताना पहिली दोन मिनिटं हवा गार आणि मग गरम होत गेली, तर निदान पक्कं.

प्रश्न (नागपूर) : समृद्धी महामार्गावर मुंबईकडे जाताना पहिला तासभर एसी जबरदस्त, मग हवा कमी कमी होत जाते आणि शेवटी कोमट. थांबून चहा घेतला की परत छान.

उत्तर : तुम्ही दिलेला 'हवा कमी होत जाते' हा तपशील मोलाचा आहे. कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो, बर्फाने वाऱ्याची वाट बुजते, चहाच्या वेळात तो वितळतो. पुढच्या वेळी थांबाल तेव्हा गाडीखाली नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी साचलेलं दिसेल. कॉइलवरचा तापमानाचा सेन्सर साधारण ३-४ अंशांना कॉम्प्रेसर थांबवतो. तो बिघडला किंवा जागेवरून सुटला की कॉम्प्रेसर थांबतच नाही. पण सेन्सरकडे जाण्याआधी केबिन फिल्टर काढून पाहा. ग्लोव्ह बॉक्समागचं ते पाच मिनिटांचं काम आहे. १०,००० किलोमीटरला, धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच, तो बदलावा. ब्लोअर एक नंबरवर आणि तापमान सगळ्यात खाली ठेवून तासन्‌तास जाऊ नका, कॉइलवर पुरेशी हवा जायला हवी. वाटेत असं झालं तर एसी बंद, ब्लोअर पूर्ण, दहा मिनिटं.

याच्यासारखाच दिसणारा एक वेगळा दोष आहे : हवेचा जोर तसाच राहतो, फक्त गारवा जातो, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो. तिथे कॉइलवर बर्फ नसतो. सिस्टिमच्या आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्वच्या सुईएवढ्या छिद्रात गोठतो. गेजवर लो साइड व्हॅक्यूममध्ये जाताना दिसते. हा पाच मिनिटांच्या व्हॅक्यूमचा परिणाम. नवा ड्रायर टाकून आणि पूर्ण वेळ व्हॅक्यूम मारूनच तो जातो.

प्रश्न (सोलापूर) : बाजारात गॅसचे छोटे कॅन मिळतात. घरीच भरू का? त्यात गळती बंद करणारं औषधही असतं म्हणे.

उत्तर : नका भरू. आत किती ग्रॅम शिल्लक आहे हे माहीत नसताना किती भरायचा हे कळायला मार्ग नाही, नळीतली हवा आत जाते, आणि चुकून हाय साइडला कॅन जोडला तर तो फुटू शकतो. गळतीचं ते औषध ओलाव्याशी किंवा हवेशी गाठ पडली की घट्ट होतं. म्हणजे जिथे ओलावा असेल तिथे, एक्स्पान्शन व्हॉल्वमध्येसुद्धा, आणि गॅरेजच्या गॅस काढायच्या मशीनमध्येही. त्याहून गंभीर गोष्ट भेसळीची आहे. आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेले सिलिंडर जगभरात सापडले आहेत. ते ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून स्फोटक संयुगं तयार करतं. स्वयंपाकाचा गॅस एसीत भरणारेही आहेत. त्याने कूलिंग मिळतं हे खरं, पण कॉइल गळली की तो ज्वलनशील वायू थेट तुमच्या मुलाबाळांच्या बंद केबिनमध्ये येतो. असं कोणी सुचवलं तर गाडी तिथून काढा.

प्रश्न (सावंतवाडी) : आंबोली घाट चढताना एसी मधूनच गरम हवा देतो. माथ्यावर पोचलो की ठीक.

उत्तर : छोट्या इंजिनांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर सोडतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळते. हा दोष नाही, खालचा गिअर घ्या. पण मिनिटभराहून जास्त वेळ एसी बंद राहत असेल तर कूलंटचं तापमान पाहा. इंजिन जास्त तापलं तरी कॉम्प्युटर एसी तोडतो, आणि मग कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा आणि थर्मोस्टॅट तपासून घेतल्याशिवाय पुन्हा घाट चढू नका.

प्रश्न (ठाणे) : इलेक्ट्रिक गाडीचा एसी नेहमीच्या एसीवाल्याकडे दाखवला तर चालेल का?

उत्तर : केबिन फिल्टर आणि कंडेन्सर धुण्यापलीकडे नाही. तिथला कॉम्प्रेसर बेल्टवर चालत नाही, नारिंगी केबलमधून येणाऱ्या हाय व्होल्टेजवर चालतो, आणि त्याची मोटर गॅस-तेलातच बुडालेली असते. म्हणून त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. नेहमीच्या गाड्यांचं पीएजी तेल, अगदी मशीनच्या नळीत राहून गेलेलं थोडंसंसुद्धा, आत गेलं तर इन्सुलेशन कमी होऊन गाडी दोष दाखवते आणि चालू व्हायचीच थांबू शकते. बऱ्याच मॉडेलांत हाच एसी बॅटरीही थंड ठेवतो. त्यामुळे गरम हवा आली तर फास्ट चार्जिंग टाळा आणि गाडी कंपनीच्या हाय व्होल्टेज प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे न्या. नेल्यावर आधी विचारा की गॅसच्या मशीनच्या नळ्या पीओईसाठी वेगळ्या ठेवल्या आहेत का.